मधला आवाज

“पुन्हा बोला ताई, वाऱ्यात शब्द गेला,” असं म्हणून तिने डाव्या हाताने हेडफोन कानावर घट्ट दाबून धरला.

डोंगरापलीकडच्या लाइनवर वाळलेला पाचोळा तुडवावा तशी खरखर चालली होती, आणि त्या खरखरीच्या तळाशी कुठेतरी एका बाईचा आवाज होता. दुसरी बाजू मात्र स्वच्छ होती. त्या बाजूचा पुरुष बोलण्याआधी घेत असलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता.

“सांगू नकोस म्हणते मी,” खरखरीतून आलं.

“सांगू नकोस म्हणते मी,” ती म्हणाली.

“ताई, मी थकलो आता लपवून,” पुरुष म्हणाला.

“ताई, मी थकलो आता लपवून,” ती म्हणाली.

त्या काळी लांबच्या ट्रंक कॉलला असंच चालायचं. तारा जुन्या, खांब डोंगरावर, वारा सुटला की दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांचं काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. मधल्या एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरला मात्र दोघांचंही ऐकू यायचं. मग तिने मध्ये बसून याचं वाक्य त्याला आणि त्याचं याला सांगायचं. ‘ते असं म्हणताहेत’ वगैरे जोड लावायची नाही, त्याने घोटाळा वाढतो. जसं आलं तसं पुढे द्यायचं. पुरुष ‘आलो’ म्हणाला तर ऑपरेटरनेही ‘आलो’च म्हणायचं. नवीन आलेल्या मुली पहिल्या दिवशी यावर तोंडाला पदर लावून हसायच्या. आठवड्याभरात हसू जायचं. मग एकीच्या तोंडून सकाळभर कोणाचा नवरा, कोणाची सासू, कोणाचा वकील बोलून जायचा आणि तिला जेवणाच्या सुट्टीत त्यातलं एक अक्षर आठवायचं नाही.

हीसुद्धा त्यात मुरलेली होती. एक्स्चेंजमध्ये बायकांना बोर्डाच्या आकड्याने हाक मारत, म्हणून तिथे ती सात नंबर. घरी सगळ्यांची वहिनी. गोष्टीपुरतं आपणही वहिनीच म्हणू.

“मला फिट येतात हे तिला लग्नाआधी कळायला हवं,” पुरुष म्हणाला.

“मला फिट येतात हे तिला लग्नाआधी कळायला हवं,” वहिनी म्हणाली. आवाज सपाट, शब्द सुटे सुटे. वारा असला की तसंच बोलावं लागे.

“मागच्या वेळी सांगितलंस, काय झालं? लग्न मोडलं ते मोडलं, वर लोक रस्त्यात तुझ्या तोंडाकडे बघायला लागले, आत्ता पडतोस की मग. औषध लागू पडलंय ना? मग गप्प बस.”

वहिनीने तेही तुकड्या-तुकड्याने पुढे दिलं.

“आणि हे बघ,” खरखरीतला आवाज म्हणाला, “त्या मुलीची वहिनी टेलिफोनात आहे ना? त्या बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही. तू घरात सांगशील आणि उद्या सगळ्या तारांवर होईल.”

“आणि हे बघ,” वहिनी म्हणाली, “त्या मुलीची वहिनी टेलिफोनात आहे ना? त्या बायकांच्या तोंडात तीळ...”

तिथे तिची जीभ अडखळली. बोर्डावर पिन कुठे खोचली आहे ते तिने आता पहिल्यांदा नीट पाहिलं. तिच्या नणंदेचं लग्न ठरलं होतं त्या ड्रॉइंगमास्तरांचं गाव. तारेवर आवाज बारीक होतो, ओळखीच्या माणसाचाही पटकन ओळखू येत नाही. पण ही जागा, ही ताई, हे लग्न.

“...भिजत नाही,” तिने वाक्य पुरं केलं. अर्धं सोडायची पद्धत नव्हती. “तू घरात सांगशील आणि उद्या सगळ्या तारांवर होईल.”

पलीकडच्या पुरुषाचा श्वासही ऐकू येईना.

“तीन मिनिटं झाली,” वहिनी म्हणाली. ‘पुन्हा बोला’ सोडलं तर अख्ख्या कॉलमध्ये तिचं स्वतःचं असं एवढंच. “वाढवू का?”

“नको,” तो म्हणाला. आणि जरा थांबून, “आभारी आहे, बाई.”

तिने दोऱ्या ओढल्या. वजनाने त्या सरसर खाली, आपापल्या भोकांत गेल्या.

*

या खोलीत नियम पुष्कळ होते, पण मोठ्या बाईंच्या लेखी खरा एकच. मोठ्या बाई म्हणजे सुपरवायझर. मऊ तळव्यांच्या चपला घालून त्या खुर्च्यांच्या मागून फिरत, त्यामुळे त्या पाठीशी कधी आल्या ते कळत नसे. नवीन मुलीला त्या बोर्ड नंतर दाखवत, आधी भिंतीवरच्या हेडफोनच्या खुंट्या दाखवत. “ऐकलेलं सगळं याच्याबरोबर इथे टांगायचं आणि रिकाम्या कानांनी घरी जायचं. जमत असेल तर बस, नाहीतर गावात दुसऱ्या नोकऱ्या आहेत.”

पाच नंबरवरची एक मुलगी त्यापायी गेली होती. मुलगी मनाची चांगली. कोणाच्या तरी दवाखान्याच्या कॉलवर ऐकलेली गोष्ट तिने कळवळ्याने मावशीला सांगितली, मावशीने आणखी कोणाला, आणि त्या घरच्या लोकांना शेवटी गाव सोडावं लागलं. मोठ्या बाई तिला ओरडल्या नाहीत. तिचा हेडफोन तेवढा खुंटीवरून काढून त्यांनी कपाटात ठेवला. मुलगी रडत राहिली आणि बाकीच्या जणी बोर्डाकडे तोंड करून “नंबर प्लीज, नंबर प्लीज” करत राहिल्या.

वहिनीला हे पाळायला कधी जड गेलं नव्हतं. जड जायचं ते तिच्या सासूबाईंना. नोकरीमुळे घरात टेलिफोन आला होता. त्याच्यावर सासूबाईंनी विणलेला रुमाल घातला होता आणि त्याच्याइतकीच माया त्या वहिनीच्या नोकरीवर करत, फक्त त्या मायेच्या बदल्यात ऐकायला काही मिळत नसे.

“आज काय ऐकलंस गं?” वहिनी चपला काढते न काढते तोच त्यांनी त्याही दिवशी विचारलं.

“नंबर ऐकले, आई.”

“नंबर! अख्खा गाव कानात ओतून घेते दिवसभर, आणि घरी आणते काय, तर नंबर. तिजोरी आहे नुसती. किल्ली हरवलेली तिजोरी.”

आतल्या खोलीत वहिनीची नणंद, घरातली धाकटी, जमिनीवर पडद्यांचं कापड पसरून बसली होती. दातात टाचणी, गळ्यात माप घ्यायची टेप.

“वहिनी, बघ ना. मास्तरांनी खिडकीचं माप कळवलं. लांबी सात वीत, रुंदी पाच वीत. आता त्यांची वीत मी कुठून आणू?”

“मग?”

“मग काय, विचारलं, फूटपट्टी नाही का घरात? चित्रकला शिकवता ना? तर म्हणतात, पट्टी वापरली की चित्र मरतं.” तिने टाचणी काढली आणि खळखळून हसली. “खिडकीचंसुद्धा.”

वहिनीही हसली. मग कापडाचं एक टोक धरून उभी राहिली, कारण काहीतरी धरणं बरं वाटत होतं.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा नोकरी सोडायची असं जवळजवळ ठरलंच होतं. धाकटी तेव्हा शाळेत होती. बैठकीत सगळ्यांसमोर येऊन ती म्हणाली होती, “वहिनीचं काम मी करते, तिला जाऊ दे.” आणि मग तिने खरंच वर्षभर सकाळच्या स्वयंपाकात घरादाराला करपलेलं, कच्चं, खारट खायला घातलं, आणि कोणी तोंड वाकडं केलं की म्हणे, “वहिनी घरी असती तर बरं झालं असतं असं म्हणायचंय का? म्हणा बघू तिच्यासमोर.” कोणाची छाती झाली नाही. वहिनीचा हेडफोन आज त्या खुंटीवर होता तो धाकटीमुळे.

“खरं सांग,” कापडाच्या घडीवर बोट फिरवत धाकटी म्हणाली, “मास्तर कसे वाटतात तुला?”

“चांगले आहेत.”

“हे तू नंबर सांगितल्यासारखं सांगितलंस.”

“चांगलेच आहेत गं,” वहिनी म्हणाली. ते खरं होतं, म्हणून आणखी अवघड होतं. लपवून आता थकलो, असं म्हणणारा माणूस वाईट कसा असेल? पण त्याला गप्प बसवायला एक बहीण पुरेशी ठरली तर? आणि उद्या लग्नानंतर स्वयंपाकघराच्या फरशीवर, धाकटी एकटी असताना, तिला काही माहीत नसताना...

ती मोरीत गेली आणि घासून पालथी घातलेली पातेली पुन्हा घासायला बसली.

*

रात्रीच्या जेवणानंतर नवरा वर्तमानपत्र घेऊन बसला तेव्हा तिने विषय काढला.

“अहो, समजा...”

“समजा म्हणालीस म्हणजे झालेलं आहे.”

“ऐका तर. समजा, आमच्यातल्या एकीने काही ऐकलं. ते तिच्या घरातल्याच माणसाला माहीत असायला हवं. पण सांगितलं तर खोलीचा नियम मोडतो, आणि ज्याचं आहे त्याचंही वाटोळं होतं. काय करावं तिने?”

त्याने वर्तमानपत्र खाली केलं. तो पाणीपुरवठ्यात फोरमन होता. कुठला पाइप फुटला की कुठली चावी बंद करायची हे त्याला पाठ होतं आणि बाकीचं जगही तसंच असावं अशी त्याची समजूत होती.

“घरची म्हणून सांगावं. ऑपरेटर म्हणून सांगू नये. झालं समाधान?”

“अर्धं झालं.”

“आमच्याकडे अर्धंच मिळतं,” असं म्हणून त्याने पुन्हा पान उलटलं. मग पानाआडून, जरा वेगळ्या आवाजात, “कोणाचं आहे गं?”

“कोणाचं नाही. समजा म्हटलं ना.”

पुढचे काही दिवस तिने नवऱ्याचं ते वाक्य सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. धाकटीला सांगावं, तर मास्तरांनी जिच्यावर विश्वास टाकला ती तार खोटी ठरते. न सांगावं, तर धाकटी खोटी ठरते. मास्तरांनाच गाठून ‘बोला’ म्हणावं, तर तेही ऐकलेलं वापरणंच झालं, वर भीती घातल्यासारखं. आणि सासूबाईंच्या कानावर गेलं तर त्या त्याला फिट म्हणणार नाहीत, फेफरं म्हणतील, दार लावून घेतील आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं कुजबुजतील.

यातलं सगळ्यात जास्त बोचत होतं ते निराळंच. ‘सांगू नकोस’ हे मास्तरांच्या कानात शिरलं ते ताईच्या आवाजात नाही. ताईचा आवाज तर वाऱ्यानेच नेला होता. शब्द ताईचे होते, पण सांगितले वहिनीने. स्वच्छ, सुटे सुटे, एकही न गाळता. वाऱ्याच्या नावावर एक ‘नको’ गिळला असता तर कोणाला कळलं असतं? हा विचार तिला भाजी चिरताना आला आणि तिने सुरी खाली ठेवली. असा विचार या आधी तिच्या मनात कधी आला नव्हता, आणि तो आला याचीच तिला भीती वाटली.

शेवटी तिने मोठ्या बाईंना गाठलं. सुट्टीत त्या मागच्या खोलीत खिडकीपाशी चहा घेत. वहिनीने पुन्हा ‘समजा’पासून सुरुवात केली. मोठ्या बाईंनी तिला दोन वाक्यं बोलू दिली.

“तार तुझ्या घरात निघाली का?”

वहिनीने होकारार्थी मान हलवली.

“कोण, काय, ते मला सांगू नकोस,” मोठ्या बाई म्हणाल्या. “सांगायलाच हवं असं आहे का ते?”

“माझ्या जागी तुम्ही असता तर...”

“मी नाहीये तुझ्या जागी. असते तर काय केलं असतं ते मला माहीत नाही आणि माहीत असल्यासारखं मी बोलणार नाही.” त्यांनी कप बशीत ठेवला. “एक सांगते. सांगायचं ठरवलंस तर आधी मला येऊन सांग, की मी खुर्ची सोडते. मग घरी जाऊन सांग.”

“म्हणजे चूक होणार नाही?”

“चूक ती चूकच. पण मग ती तुझी असेल. या खोलीची नाही.” त्या उठल्या, आणि जाता जाता त्यांनी कधी नव्हे तो वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला. “दोन्ही राखता येईल असं काहीतरी मी सांगेन म्हणून आली होतीस ना? नाही गं बाई तसलं काही माझ्याकडे.”

*

त्यानंतर ठरवायला तिला फार वेळ लागला नाही. एका सकाळी डबा भरताना ठरून गेलं. ठरल्यावर हाताला हलकं वाटलं नाही, पण हात चालू लागले एवढं खरं.

“धाकटे,” ती दारातून म्हणाली, “संध्याकाळी मला तुझ्याशी बोलायचंय. आई शेजारी जातील तेव्हा.”

“काय गं? तोंड का असं?”

“संध्याकाळी.”

“वहिनी, तू गरोदर आहेस का?”

“अगं, मला कामाला जाऊ दे!”

त्या दिवशी बोर्डावर बसल्यावर तिने प्रत्येक गोष्ट जराशी जास्त पाहिली. दोऱ्यांची झिजलेली टोकं, दुपारी तापलेल्या बेकलाइटचा वास, आठ नंबरची मानेवर सैल सुटलेली वेणी, हेडफोन काढल्यावर सगळ्या जणींचे लाल झालेले कान. इथे ती मुलगी म्हणून आली होती. लग्नाची म्हणून आठवडाभर सुट्टी घेऊन पुन्हा इथेच येऊन बसली होती. सुटायच्या वेळी मोठ्या बाईंच्या टेबलापाशी जायचं, उभ्या उभ्या सांगायचं. वाक्य तयार होतं.

दुपारनंतर मास्तरांच्या गावच्या लाइनचा दिवा लागला.

“नंबर प्लीज.”

त्याने नंबर सांगितला. तिच्याच घरचा.

तिने लगेच पिन खोचली नाही. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

“ऑपरेटर,” तो म्हणाला, “आज लाइन स्वच्छ आहे का?”

“आहे.”

“म्हणजे मध्ये कोणी बोलायला लागणार नाही.”

“नाही लागणार,” ती म्हणाली आणि घरी घंटी दिली. रुमालाखालून वाजणारी ती घंटी तिला इथे बसून जणू दिसलीच. सासूबाई उचलतील, या भीतीने तिने ओठ मिटून घेतले.

“हॅलो?” धाकटीचा आवाज.

“ट्रंक कॉल आहे. बोला.”

“वहिनी? तूच ना?”

“ट्रंक कॉल आहे. बोला,” ती म्हणाली आणि तिने ऐकायची कळ बंद केली.

कळ अगदी हलकी असते. बोट टेकलं तरी उघडते. आठ-नऊ दिवस जे तिला झोपू देत नव्हतं त्याचा सोक्षमोक्ष त्या बोटाखाली चालला होता, आणि तिचं बोट तिथेच, कळीच्या बाजूच्या लाकडावर होतं. तिने दुसरा कॉल जोडला. आणखी एक जोडला. कोणा घाईच्या माणसाला त्याचा चुकलेला नंबर बरोबर करून दिला. नजर मात्र पुन्हा पुन्हा त्या दोन दोऱ्यांकडे जात होती. बोलणं संपलं की दोऱ्यांखालचा दिवा लागतो. तो लागेना.

वेळ झाली. आता कळ उघडणं तिचं कामच होतं. तिने ती उघडली आणि ताबडतोब, मधलं काही कानात पडायच्या आत, मोठ्याने म्हणाली, “तीन मिनिटं झाली. वाढवू का?”

पलीकडे कोणी काही बोलत नव्हतंच. निव्वळ शांतता होती, दोन माणसांची.

कॉल मास्तरांचा, पैसे मास्तरांचे. पण उत्तर दिलं धाकटीने. “वाढवा.”

तो आवाज कसला होता हे वहिनीला ठरवता येईना. रडवेला नव्हता, हसरा तर नव्हताच.

तिने कळ बंद केली. पुन्हा वेळ झाली, पुन्हा उघडली.

“तीन मिनिटं...”

“वाढवा हो,” धाकटी म्हणाली. “आणि सारखं सारखं विचारू नका.”

आठ नंबरने शेजारून पाहिलं. “हसतेस काय गं?”

“मी? कुठे?” वहिनी म्हणाली. पण हसण्यासारखं काही ठरलं नव्हतं. त्याने सांगितलं असेल, किंवा लग्न पुढे ढकलायची गोष्ट काढली असेल, किंवा आणखीच काही. दिवा लागला तेव्हा तिने दोऱ्या ओढल्या आणि तळहात लुगड्याला पुसले.

सुटल्यावर ती मोठ्या बाईंच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

“बोल,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“उद्या बोलले तर चालेल का, बाई?”

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “न बोललीस तरी चालेल,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या पाळीच्या मुलीला हाक मारली.

*

सासूबाई शेजारी गेल्या होत्या. धाकटी मागच्या दारी पायरीवर बसली होती. डोळे सुजलेले होते, पण केस नुकतेच विंचरलेले होते. वहिनीने दोन्ही पाहिलं आणि त्यातून काय समजायचं ते तिला कळलं नाही.

“तू काही सांगणार होतीस,” धाकटी म्हणाली.

“हो.”

“आधी माझं ऐक. नाहीतर माझा धीर जाईल.”

वहिनी तिच्या शेजारी टेकली.

“मास्तरांना फिट येतात,” धाकटी म्हणाली. “लहानपणापासून. आता औषध आहे, क्वचित येते. आज त्यांनी सांगितलं.”

दुसऱ्यांदा ऐकलेली गोष्ट पहिल्यांदा ऐकल्यासारखी कशी ऐकायची, याचं शिक्षण वहिनीला कोणी दिलं नव्हतं. तिने नुसता धाकटीचा हात हातात घेतला.

“आधी मी खूप चिडले. इतके दिवस काय केलं, म्हटलं. मग रडले. तुमच्या त्या ऑपरेटरबाई मध्येच आल्या, ‘वाढवू का’ म्हणून.” तिने नाक ओढलं. “तेवढ्यात वाटलं, फोन ठेवला तर हा माणूस पुन्हा कधी कोणाला सांगणार नाही. मग विचारलं, आली तर मी काय करायचं? त्यांनी एकेक सांगितलं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, गळ्याचं बटण सोडायचं, तोंडात काही घालायचं नाही, घाबरायचं नाही. असं सांगत होते वहिनी, जसं घराची किल्ली कुठे ठेवतो ते सांगावं.”

“मग?”

“मग काय? जी बाई तुमची वीत मोजायला तयार आहे ती हेही करेल, म्हटलं. पण यापुढे काही लपवलंत तर खिडक्या उघड्या राहतील.” ती जराशी हसली. “रविवारी येणार आहेत. आईला ते स्वतः सांगणार. आई दार लावून घेईल, मला माहितीये. मी पण दारातच बसणार आहे.”

“मीही बसेन,” वहिनी म्हणाली.

तिला एकदम खूप दमल्यासारखं झालं.

“आता तू सांग,” धाकटी म्हणाली. “काय सांगणार होतीस?”

“विसरले गं.”

“तू? तुला अख्ख्या गावाचे नंबर पाठ आहेत.”

“विसरले,” वहिनी म्हणाली.

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. मग तिने नजर अंगणाकडे वळवली आणि सावकाश, कोणा तिसऱ्याच माणसाची हकिगत सांगावी तशी, म्हणाली, “मास्तरांना मी विचारलं, आजच का सांगावंसं वाटलं? तर म्हणाले, ‘फिट येतात’ हे वाक्य त्यांनी आयुष्यभर रडक्या आवाजातच ऐकलं. आईच्या, ताईच्या, स्वतःच्याही. आणि परवा कधीतरी एका बाईच्या तोंडून ते ऐकलं. तिने ते असं म्हटलं, की जसं कोणी म्हणावं, मला सर्दी झालीये, मला उशीर झालाय. आवाज न कापता, न कुजबुजता. तेव्हा वाटलं म्हणे, अरे, हे असंही म्हणता येतं. मग रोज आरशासमोर त्या आवाजात म्हणून बघायचे.”

वहिनीने पायरीवरचा पाचोळा हाताने बाजूला सारला.

“कोण ती बाई, म्हटलं. तर म्हणाले, कोणी नाही. मध्ये होती एक.”

अंगणात उन्हं उतरली होती. शेजारून सासूबाईंचा आवाज येत होता, कोणाला तरी काहीतरी ठासून सांगत होत्या. वहिनी उठली आणि आतल्या खोलीत जाऊन, कामावरच्याच कपड्यांत, सरळ जमिनीवर आडवी झाली.

“वहिनी! काय झालं?”

“काही नाही. ते कुशीवर वळवायचं कसं ते दाखव बघू. मलाही यायला हवं. तुझ्या घरी येईन तेव्हा...”

धाकटीने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि मग गुडघ्यांवर बसली. खांद्याला आणि कमरेला धरून तिने वहिनीला अलगद कुशीवर वळवलं. कापडाची घडी करून डोक्याखाली सरकवली. गळ्याशी बोटं नेली.

“असं. आणि मग नुसतं जवळ बसायचं. बोलत राहायचं. थांबेपर्यंत.” थोड्या वेळाने तिने खांदा हलवला. “झालं. ऊठ आता. आई येईल, बघितलं तर किंचाळेल.”

फरशी गार होती. कानांत कुठलीच खरखर नव्हती.

“जरा थांब,” डोळे न उघडता वहिनी म्हणाली. “बरं वाटतंय.”